मारुतीच्या कमरेला पाणी

एखादे शहर ऐतिहासिक आहे की नाही, हे ठरवण्याची आपल्याकडे एक सोपी रीत आहे. निळी पाटी शोधायची. पाटीवर 'संरक्षित स्मारक' हे शब्द आणि त्याखाली दंडाचा मजकूर असला की शहर ऐतिहासिक. पाटीच्याच खांबाला कोणी बकरी बांधलेली असली, तर ते फारच ऐतिहासिक. ही रीत सोयीची असली तरी तिच्यात एक खोट आहे. तिने फार तर जुन्या दगडांची शिरगणती होते, शहराची ओळख पटत नाही. जुना वाडा कुठेही असतो, जुनी विहीर कुठेही असते. पण तिथले लोक त्या जुन्या वस्तूचे करतात काय, यावर सगळे अवलंबून आहे. काही शहरांत लोक वारशाकडे पाहतात. पाहून झाले की फोटो काढतात आणि भेळ खायला जातात. काही थोड्या शहरांत मात्र लोक वारशाकडे फारसे पाहतच नाहीत, ते वारशाने मोजतात. जुनी वस्तू त्यांच्या घरात शोभेच्या कपाटात नसते, फूटपट्टीसारखी टेबलावर पडलेली असते. खरे ऐतिहासिक शहर हे दुसऱ्या प्रकारचे, असे या लेखाचे म्हणणे आहे, आणि ते सिद्ध करायला गोदावरीकाठच्या नाशिकइतके चोख उदाहरण सापडणे कठीण.

पुरावा क्रमांक एक भर नदीत उभा आहे. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या पात्रातच, शेंदरी रंगाचा दुतोंड्या मारुती आहे. एरवी मराठीत दुतोंड्या म्हणणे ही शिवी आहे आणि अशा माणसाला कोणी दोन रुपये उसने देत नाही. नाशिकने मात्र आपल्या पुराचा सगळा हिशेब एका दुतोंड्यावर सोपवला आहे, आणि त्यात आजवर तो खोटा ठरलेला नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की गावभर एकच प्रश्न फिरतो: "पाणी कुठवर आलं?" उत्तर फुटांत येत नाही, मीटरमध्ये तर नाहीच. मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, अशा पायऱ्या आहेत. गुडघ्याला म्हणजे पूर पाहायला जायला हरकत नाही. कमरेला म्हणजे पोरांना घेऊन जाऊ नका. छातीला म्हणजे सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानदारांनी खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर न्यावा. डोक्यावरून म्हणजे आता फळ्यांचा विचार सोडावा. मग जुनी माणसे १९६९च्या महापुराची आठवण काढतात. त्यांच्या लेखी २००८, २०१६ आणि २०१९चे पूर हे त्या मानाने होतकरू पूर होते. वर्तमानपत्रेही बातमी याच मापात देतात. देवाच्या अंगावर खुणा करून पाणी मोजणारे आणि तरीही त्याला रोज तेल वाहणारे लोक एकाच वेळी भाविकही असतात आणि हिशेबीही. नाशिककराला या दोहोंत विसंगती दिसत नाही.

यावर शास्त्रीय बाण्याचा माणूस नाक मुरडेल. (नाशिकच्या संदर्भात नाकाचा उल्लेख जपून करावा लागतो, त्याकडे पुढे येऊच.) तो म्हणेल, पाण्याचा विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात. धरणावर यंत्रे आहेत, होळकर पुलाजवळच्या प्रवाहाचे आकडे जाहीर होतात, मग हे मारुतीचे खूळ कशाला? आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तरही गंभीरपणे दिले पाहिजे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर. आता धरणातून दहा हजार क्युसेक सोडले, असे भांड्यांच्या दुकानदाराला सांगितले, तर त्याने काय करावे? अठ्ठावीसला दहा हजारांनी गुणून येणारे उत्तर पितळी पातेल्यांच्या उतरंडीवर नेमके कुठे येऊन थांबेल, हे कोणत्याही गणिताच्या पुस्तकात दिलेले नाही. शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस त्या आकड्यात नसतो आणि नाल्यांतून येणारे पाणीही नसते. क्युसेक सांगतो की नदीने काय घेतले, मारुती सांगतो की ती आता काय घेणार आहे. अभियंत्याला पहिला आकडा लागतो, बाजाराला दुसरा. दोन्ही खरे आहेत, पण दुकानाचे शटर कधी ओढायचे हे मारुतीच ठरवतो. ज्या मापाने माणूस जागचा हलतो, ते माप अडाणी म्हणता येत नाही.

आता नाकाकडे. मोजण्याची ही खोड शहराच्या नावापर्यंत पोचली आहे. एक पक्ष म्हणतो, लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक इथे कापले म्हणून हे नासिक. दुसरा पक्ष म्हणतो, हे गाव नऊ टेकड्यांवर वसले, नवशिखरांवरून नाव पडले. म्हणजे एकाने नाक कापले आणि दुसऱ्याने शिखरे मोजली. दोन्ही पक्षांची बेरीज केली तर 'नाकी नऊ' होतात, आणि नाव नक्की कशावरून पडले हे ठरवू पाहणाऱ्या अभ्यासकाची अवस्था अगदी तशीच होते. मधल्या काळात मुघलांनी शहराचे नाव गुलशनाबाद ठेवून पाहिले. नाव सुगंधी होते, पण नाकापुढे टिकले नाही. जगात शहरांना वीरांची, देवांची, राण्यांची नावे असतात. एका अपमानाचे नाव लावून शतकानुशतके ताठ मानेने राहणारे शहर विरळाच. बाहेरचा माणूस विचारतो, यातले ऐतिहासिक सत्य कोणते? पण नाशिककराला निकालाची घाई नाही. नदीच्या बाबतीतही त्याने हेच केले आहे. नदी गोदावरी आहे हे त्याला ठाऊक असते, तरी तो जातो 'गंगेवर'. धरण गंगापूरचे, रस्ता गंगापूरचा, घाट गंगाघाट. काशीची गंगा इथून हजार किलोमीटरच्या आसपास आहे, हे भूगोलाच्या पेपरात त्याला बरोबर लिहिता येते. पेपर देऊन झाल्यावर तो पुन्हा गंगेवर जातो. आपल्या नदीची थोरवी मोजायला त्याने गंगा हे माप घेतले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मोजण्याची ही परंपरा मारुतीपासून सुरू झाली असे कोणी समजू नये. तिचे कागदपत्र दगडावर आहेत. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. ती बौद्ध लेणी आहेत, पांडवांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. पण महाराष्ट्रात कोरीव गुहा दिसली की ती पांडवांच्या खात्यावर टाकायची पद्धत आहे; त्या हिशेबाने वनवासातली सगळी वर्षे पांडव हातात छिन्नी घेऊनच झोपत असले पाहिजेत. यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी जो लेख कोरवला, तो वाचताना देवळात आल्यासारखे वाटत नाही, पतपेढीत आल्यासारखे वाटते. उषवदाताने तीन हजार कार्षापणे 'अक्षयनीवी' म्हणून ठेवली, म्हणजे मुद्दल कधीच काढायचे नाही, फक्त व्याज खायचे. दोन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक दराने. उरलेली हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रांसाठी. आता वही काढा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैन्‌पै जुळली! व्यवहार रीतसर नोंदवून, निगमसभेत वाचून दाखवून, वर दगडात कोरून ठेवला. वर्षाला बारा टक्के, तेही मुद्दल अक्षय: आजच्या मुदतठेवीवाल्या पेन्शनराने हा लेख वाचला, तर तो लेण्याच्या पायऱ्या दिवसातून दोनदा चढेल. आणि ज्या गोवर्धनात ही ठेव ठेवली, ते गाव नाशिकच्या वरच्या बाजूला गोदाकाठीच आजही आहे. याच नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवले आणि त्याची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावर आपले ठसे मारून ती पुन्हा चलनात आणली. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडलेल्या सुमारे तेरा हजार नाण्यांपैकी बहुसंख्य नाणी अशी दुहेरी शिक्क्याची आहेत. नहपानाचा चेहरा नाकासकट ठशाखाली गेला. नाशिकची रीत राजानेही पाळली, असे फार तर म्हणता येईल. पुढे विसाव्या शतकात नोटा छापायचा सरकारी कारखाना याच गावाच्या नाशिकरोडला आला. इंग्रजांनी तो जोगलटेंभीचे ढीग बघून आणला, असा दावा कोणी करणार नाही. पण जागा चुकली, असेही कोणी म्हणणार नाही.

पाण्याचे माप मारुती, पैशाचे माप उषवदात. काळाचे माप सिंहस्थ. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला कुंभमेळा भरतो. वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी, कारण पेशवाईच्या काळात स्नानाच्या मानावरून दोघांत झालेल्या भांडणांनंतर ही वाटणी कायम झाली; एका नदीच्या पाण्याचे दोन हिस्से करणे हा खास मराठी तोडगा. लोक म्हणतात सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षे लागतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत तो सुमारे पन्नास दिवस लवकर येतो आणि सात-आठ फेऱ्यांनी एखादा सिंहस्थ अकराव्या वर्षीच गाठतो. सार्वजनिक जीवनात ठरलेल्या मुदतीच्या आधी काम पुरे करणारा गुरू हा एकटाच दिसतो. शहराच्या लेखी या फेरीचा अर्थ फार व्यावहारिक आहे. रस्ता कधी झाला, पूल कधी झाला, नळ कधी आला, या प्रश्नांची उत्तरे 'गेल्या सिंहस्थात' किंवा 'पुढच्या सिंहस्थात' अशी मिळतात. २०१५ला सुटले नाही ते २०२७ला सुटेल, अशी श्रद्धा आहे. साऱ्या देशाची पंचवार्षिक योजना होती, तेव्हाही नाशिकची द्वादशवार्षिक होती. काळारामाच्या मंदिराबद्दल सांगतात की सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी दोन हजार कामगार लावून ते बारा वर्षांत बांधले. बारा हा आकडा इथे इतका रुळला आहे की त्याहून लवकर झालेल्या कामाकडे लोक संशयाने पाहतात.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्याहून जड आहे. वापराने वस्तू झिजते. फूटपट्टी जास्त वापरली की आकडे पुसले जातात. लाखो माणसे उतरतात तो घाट, कोट्यवधी हात लागतात तो उंबरठा, रोज तेल पितो तो दगड, यांना जपायचे तर कुंपण हवे, कठडा हवा, 'हात लावू नये' हवे. म्हणणे रास्त आहे, पण पुरावा उलटी साक्ष देतो. गोदाघाटावरची जुनी कुंडे आंघोळ करणाऱ्यांनी बिघडवली नाहीत. शतकानुशतके लोक त्यांत उतरत राहिले आणि कुंडे कुंडेच राहिली. त्यांच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले ते पाहुणे येणार, मेळा येणार, सगळे कसे छान दिसले पाहिजे या उत्साहात. तळातले जिवंत झरे बुजले, म्हणून मग ते काँक्रीट काढा अशी मागणी, अर्ज, न्यायालय असा उलटा प्रवास सुरू झाला. म्हणजे कुंडाचे नुकसान झाले ते ज्या दिवशी ते वापरण्याची जागा न राहता दाखवण्याची जागा झाले, त्या दिवशी. वापरात असते तेच लक्षात राहते, हे नारोशंकराच्या देवळातही दिसते. १७४७च्या त्या देखण्या देवळात देव आहे रामेश्वर महादेव, पण गाव त्याला बांधणाऱ्या नारोशंकरांच्या नावाने ओळखते. त्यांच्याहूनही प्रसिद्ध झाली ती तिथली घंटा, वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा. देवाला सरदाराने झाकले, सरदाराला घंटेने. कारण तिघांपैकी कानावर पडत होती ती एक घंटाच.

वापर आणि जतन यांचे भांडण नाशिकने एका ठिकाणी तर असे सोडवले आहे की पुरातत्त्वज्ञांनी टोपी काढावी. जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत: शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, काझीपुरा. रहाड म्हणजे जमिनीखालचा दगडी हौद, पुरुषभर किंवा त्याहूनही खोल. वर्षभर तो दिसत नाही, कारण त्यावर लाकडी ओंडके टाकून, माती दाबून चक्क रस्ता केलेला असतो. त्या रस्त्यावरून रिक्षा जातात, हातगाड्या उभ्या राहतात आणि आपण एका ऐतिहासिक वास्तूवर दुचाकी लावली आहे याचा दुचाकीवाल्याला पत्ता नसतो. रंगपंचमी आली की मंडळी रस्ता खणतात, ओंडके काढतात, रहाड धुऊन पूजा करतात आणि पाण्यात फुलांपासून केलेला रंग कालवतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. शेजारच्या रहाडीचा रंग घेणे म्हणजे शेजारच्याचे आडनाव लावण्यासारखे. मग माणसे काठावरून उडी टाकतात. तिला 'धप्पा' म्हणतात, आणि पाणी किती उंच उडाले यावर धप्प्याची प्रत ठरते. इथेही मोजमाप आलेच. सण संपला की रहाड पुन्हा बुजवतात. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस पुरलेला आणि एक दिवस पुरेपूर वापरलेला हा वारसा कोणत्याही संग्रहालयातल्या काचेपेक्षा चांगला राहिला आहे. रस्ते खोदण्याच्या कलेत महाराष्ट्रातली सगळीच शहरे निष्णात आहेत; पण खोदल्यावर खाली काय आहे हे आधीपासून ठाऊक असलेले शहर हेच असावे.

तिसरा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या मापांचे कौतुक ठीक, पण जुन्या शहराची सगळीच मापे गोड नव्हती. कोणी किती अंतरावर उभे राहायचे, कोणी कोणत्या दारापर्यंत यायचे, हेही त्याच परंपरेने मोजून दिलेले होते. हे खरे आहे, आणि नाशिकला ते नाकारताही येत नाही, कारण त्याचाही पुरावा काळ्या दगडात उभा आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या इथल्या कार्यकर्त्यांनी तो पुढे काही वर्षे चालवला. दारे बंदच राहिली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. त्या काळात मंदिराला किती कळस आहेत आणि किती खांब आहेत, हे मोजणारे पुष्कळ होते. सत्याग्रहींनी मोजले ते दार आणि माणूस यांतले अंतर, आणि मंदिराच्या मापाने सारे शहर किती बुटके आहे हे दाखवून दिले. म्हणून हा आक्षेप या लेखाच्या मुद्द्याला छेद देत नाही, तो त्याला धार देतो. वारशाकडे नुसते पाहिले की अभिमान वाटतो, आणि अभिमान वाटायला काही करावे लागत नाही. वारशाने मोजायला गेले की कधीकधी आपलीच उंची भरते, आणि ती दरवेळी भरपूर निघतेच असे नाही.

तेव्हा नाशिकचा वारसा पाहायला येणाऱ्याने यादी घेऊन फिरू नये. पंचवटी झाली, सीतागुंफा झाली, नंदी नसलेला कपालेश्वर झाला, मिसळ झाली, अशा खुणा करत गेले की संध्याकाळी यादी संपते आणि शहर तसेच राहते. त्याने पुराच्या दिवसांत पुलावरच्या गर्दीत उभे राहून कोण काय मोजते आहे ते ऐकावे. आणि मग पूर ओसरल्यावर, उन्हाळ्यात, पुन्हा यावे. तेव्हा मारुतीकडे कोणी बघत नाही. पाणी त्याच्या पायाशी असते, कुठे पाणवेलींखाली दडलेले, कुठे नाल्यांनी काळवंडलेले. "पाणी कुठवर आलं?" हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नाही, आणि "पाणी कसलं आलं?" हा तर पावसाळ्यातही कोणी विचारलेला नाही. व्याजाच्या पैपर्यंत, धप्प्याच्या उंचीपर्यंत आणि गुरूच्या दशांशापर्यंत सगळे मोजणाऱ्या शहराने एवढे एकच माप अजून घेतलेले नाही. त्यासाठी गुडघा, कंबर, छाती उपयोगाची नाही. ते नाकानेच घ्यावे लागते. नाकाचे नाव लावणाऱ्या या गावात दोन तोंडांचा, म्हणजे अर्थात दोन नाकांचा, एकच रहिवासी आहे. आणि तो बारा महिने, हलण्याची सोय नसताना, नदीतच उभा आहे.